आठवी चौकट

"हुसेन, चड्ड्या घाल त्यास्नी!" लालासाहेब खालून ओरडले.

हुसेन पेंटरने शिडीवरून मान वळवली. "आण्णा, ग्रीसात नागडंच पळायचे. शरयू मॅडमनी लिवून दिलंय."

"तितं पळू देत. हितं पोरी बघणार हायत."

लालासाहेब शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. त्यामुळे अडीच हजार वर्षांनी का होईना, ग्रीकांना निळ्या चड्ड्या मिळाल्या.

फलटणच्या वाटेवरची शाळा, मैदानाची साठ फूट भिंत आणि खेळाच्या शिक्षिका शरयू मॅडमनी लिहून दिलेला ऑलिंपिकचा इतिहास. आठ चौकटी. पहिल्या येणाऱ्यालाच मिळणारा पानांचा मुकुट, रोमन बादशहाची बंदी, अथेन्सला पुन्हा सुरुवात, हेलसिंकीत कऱ्हाडकडच्या पैलवानाचं कांस्यपदक. एकच गोष्ट हुसेनने गाळली होती. जुन्या ग्रीसात लग्न झालेली बाई खेळ बघताना सापडली, तर तिला कड्यावरून ढकलायचे म्हणे. ते काढायला त्याचा हात धजेना.

आठवी चौकट 'आजचा खेळाडू'. तिथं त्याने कुणाला न विचारता आपली अर्शिया काढली होती. लाल बनियन, दोन वेण्या. सहा वर्षांपूर्वी ती परदेशात, ज्युनिअर आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर धावली होती. आता सांगलीला सासरी होती. सासू त्या धावण्याला 'माहेरच्या बाता' म्हणायची. उद्या उद्घाटनाला अर्शिया त्याच सासूला हे चित्र दाखवायला घेऊन येणार होती.

लालासाहेब आठव्या चौकटीपाशी थबकले. "ही कोण?"

"आमची अर्शिया. आशियाईला हुती."

"मेडल?"

"नववी आली, आण्णा."

"मग? पैला सोडून कुणाला काय मिळत न्हवतं, तूच काढलंयस की तितं. पूस हे." त्यांनी खिशातून फोटो काढला. ट्रॅकसूटमधले आण्णा, हातात मशाल. तालुक्याच्या स्पर्धेत ती त्यांनी गाडीपासून स्टेजपर्यंत नेली होती. हुसेन तेव्हा तिथंच बॅनर बांधत होता. अठरा पावलं. नवव्याला दम खायला थांबले होते.

"आण्णा, खाली मेडल कशातलं लिवू?"

"लय शाना हाईस. 'क्रीडामहर्षी' लिव."

ते गेल्यावर हुसेनने फोन लावला. "बाळ, उद्या नगं येऊस. भिंत वली हाय."

"वली असली तर काय झालं, अब्बा? आमी काय हात लावणार हाय व्हय? सासूबाईंनी नवी साडी काढून ठेवलीया."

शरयू मॅडम आल्या तेव्हा तो पांढऱ्याचा डबा उघडत होता. "हुसेनभाई, अहो हे काय?"

"ती कड्यावरनं ढकलायची गोष्ट राह्यली हुती न्हवं, मॅडम? घेतो आता."

पांढऱ्याचा एक हात मारून झाला, तरी लाल बनियन झाकेना. रंगाखालून अर्शिया धावतच होती. तो हात वाळेपर्यंत हुसेन भिंतीच्या सावलीत बसून राहिला. मग उठला, डबा ढवळला आणि दुसरा हात त्याने तिच्या पायांपासून सुरू केला.