मुद्दा क्रमांक सात

मसुदा पहिला
मुद्दा ७ : नावाडी संघाचे रामकृष्ण बर्मन यांनी आक्षेप घेतला. धरणाचे दरवाजे उघडण्याआधी वाजणारा भोंगा काढू नये. भेडाघाटच्या कड्यांमध्ये मोबाईलला रेंज नाही. इशारा फक्त ॲपवर आला तर खाली नावेत असलेल्यांना तो कळणार नाही.

प्रणोतीने हे बैठकीतून परत येताच लिहिलं. आधी मराठीत, सरकारी हिंदीत उतरवायचं काम नंतर. नदीच्या इशाऱ्यांचं ॲप बनवणाऱ्या कंपनीत ती हितधारक समन्वयक होती. म्हणजे ज्यांचा ज्यांचा ॲपशी संबंध येणार त्यांना बोलवायचं, त्यांचं ऐकून घ्यायचं आणि शेवटी सगळे राजी आहेत असा कागद तयार करायचा.

रामकृष्ण बैठकीत उभा राहून बोलला होता. "साहब, नीचे तो भगवान भी फोन नहीं उठाते." सगळे हसले. अध्यक्षस्थानी बसलेले अधिकारी सगळ्यात जास्त हसले. मग समोसे आले.

मसुदा दुसरा
मुद्दा ७ : रामकृष्ण बर्मन यांनी रेंजचा विचार व्हावा अशी सूचना केली. भोंग्याचाही उल्लेख झाला.

"आक्षेप शब्द दिसला की फाईल परत येते," अविनाश सर म्हणाले. प्रकल्पाचे प्रमुख, पुण्याहून आलेले, आवाज कधीच न चढवणारे. "खोटं लिही म्हणत नाहीये मी. जरा मऊ कर."

"पण सर, भोंगा..."

"भोंगा राहिला तर ॲप कशाला हवं, असं कोणीतरी विचारेल. मग काय सांगशील?"

मसुदा तिसरा
मुद्दा ७ : संपर्कव्यवस्थेवर सविस्तर चर्चा झाली. उपस्थितांनी समाधान व्यक्त केलं.

हा गेला.

संध्याकाळी अधारतालच्या घरी ताटावर बसली असताना मोबाईल वाजला. सरकारी पोर्टलवरून मेल होती. प्रति, श्री. रामकृष्ण बर्मन. सोबत बैठकीचं कार्यवृत्त. सात दिवसांत हरकत न आल्यास आपली सहमती गृहीत धरली जाईल.

मेल तिलाच आली होती. नोंदणीच्या वेळी प्रत्येक प्रतिनिधीचा ईमेल भरल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं. "ईमेल? दीदी, आप अपना ही डाल दो न," रामकृष्ण म्हणाला होता. तिने टाकला. त्या दिवसापुरता. मग ते बदलायचं राहून गेलं.

"काहून जेवून नाही राहिली?" आई म्हणाली. "काय पाहून राहिली त्या मोबाईलमध्ये?"

"काही नाही गं. ऑफिसचं."

"अच्छा. मग भाजीला काय झालं? तीही ऑफिसची आहे का?"

पहिला दिवस. दुसरा.
तिसऱ्या दिवशी तिने पोर्टल उघडलं. सहमत. असहमत. बंद केलं.
चौथा. पाचवा.

सहाव्या दिवशी हरकत टाईप केली. पूर्ण, पहिल्या मसुद्यासारखी. बोट बटणावर नेलं आणि अविनाश सरांना फोन लावला.

"हरकत कोणाच्या नावाने टाकतेयस?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"त्याच्याच. बोलला तोच होता ना, सर."

"ईमेल तुझा आहे. हे बाहेर आलं की आधीच्या तीन बैठकांची कार्यवृत्तं उघडतील. तिन्हींना त्याची सहमती आहे."

"मी कधीच सहमत दाबलं नाही, सर. काहीच केलं नाही मी."

"तेच ना. म्हणूनच मंजूर झाली. बघ. नाव तुझं निघेल. माझंही नाही, कंपनीचंही नाही. उद्यापर्यंत वेळ आहे तुला."

सातवा दिवस.

(इथे काहीच लिहिलेलं नाही, कारण तिने काहीच केलं नाही.)

आठव्या दिवशी सकाळी तिने स्कूटी काढली आणि भेडाघाट गाठलं. रामकृष्णला सगळं सांगायचं, त्याच्या हातून अर्ज लिहून घ्यायचा, सही घ्यायची. मुदत गेली असली, तरी कागदावरची हरकत त्याची स्वतःची असेल. पावसाळ्यानंतर नावा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. ऊन स्वच्छ होतं. दोन दिवस धरणाच्या वरच्या बाजूला पाऊस पडतोय, एवढंच तिने ऐकलं होतं.

कड्यावरच्या खांबाला शिडी लावलेली होती. भोंगा खाली गवतात पडला होता, तोंड आभाळाकडे. दोन माणसं त्याची वायर गुंडाळत होती. रामकृष्ण बाजूला उभा होता.

"कल शाम को ही आदेश आ गया, दीदी. लिखा है, हम सबकी सहमति है." त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो खरंच विचारत होता. "आपने तो हमारी बात लिखी थी न?"

"लिखी थी," प्रणोती म्हणाली.

तेवढ्यात तिच्या हातातला मोबाईल थरथरला. वर कड्यावर रेंज पूर्ण होती. लाल पट्टी, आणि पट्टीत ॲपचा पहिला खरा इशारा. दरवाजे उघडले आहेत. पाणी वाढेल. नदीपात्र तत्काळ रिकामं करा.

रामकृष्णने स्क्रीनकडे पाहिलंच नाही, तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"कब खुले?"

तिने वेळ वाचली. दरवाजे उघडून पाऊण तास झाला होता.

"ग्यारह नावें हैं अंदर," तो म्हणाला, आणि चपला तिथेच टाकून घाटाच्या पायऱ्यांकडे धावत सुटला. खाली बांधलेली नाव सोडायला, ती वल्हवत कड्यांमधल्या त्या नावांपर्यंत न्यायला किती वेळ लागेल, हे तिला विचारता आलं नाही.

ती कठड्यापाशी गेली. खूप खाली, पांढऱ्या भिंतींच्या मध्ये, हिरव्या पाण्यावर नावा संथ चालल्या होत्या. पाणी अजून अगदी शांत होतं. ती ओरडली. हिंदीत ओरडली, मग मराठीत, मग नुसतीच. दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवले.

एका नावेतल्या बाईचं लक्ष गेलं. तिने बाजूच्यांना वर दाखवलं. नावेतले सगळे वर पाहू लागले, हसले, आणि त्यांनीही हात हलवले.