मोठ्याने बोललेला आकडा

मी एक जुनी मोजपट्टी आहे, मित्रांनो. साठ इंचांची, एके काळी पिवळी, आता चहासारख्या रंगाची. शिवणकामाच्या दुकानात मला सगळे टेप म्हणतात. आज जे सांगणार आहे ते मी शेजारच्या कात्रीलाही कधी सांगितले नाही, कारण ते आठवले की मला गुंडाळी करून खणात दडून बसावेसे वाटते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मेणकापडाची लांब पट्टी, तिच्यावर काळे आकडे, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या. तिथून मी अमरावतीच्या राजापेठेत आशाबाईंच्या दुकानात आले. वर ट्यूशन क्लास, खाली दुकान, दारात स्कूटींची गर्दी. आशाबाईंनी मला गळ्यात घातले आणि पुढची पंधरा वर्षे मी तिथेच राहिले. त्यांचा हात चांगला होता. त्यांनी शिवलेला कपडा पुन्हा उसवावा लागत नाही, असे बायका म्हणत. मला वाटे, हे कौतुक माझेच आहे.

दुकानाची एक रीत होती. आशाबाई माप घेत आणि आकडा मोठ्याने सांगत. त्यांची जाऊ चंदा पलीकडे मशीनजवळ बसून वहीत लिहून घेई. मशीनच्या आवाजात हळू बोललेले ऐकू जात नसे. त्यामुळे बाकावर बसलेल्या सगळ्या बायकांना प्रत्येकीचे माप कळे. सडपातळ मुलगी असली तर ती आकडा ऐकून हसत असे. अंगाने भरलेली बाई आली की आशाबाई म्हणत, "थांब वं बाई, टेप पुरते का नाई ते पाहू दे." बाक हसायचे. ती बाईही हसायची. मीही मनात हसायचे. हसणाऱ्या बाईचा श्वास मात्र त्या वेळी अडकलेला असायचा. मी तिच्या पोटाभोवती होते, मला तो कळत होता. तरी मी हसले.

दोन वर्षांपूर्वी प्रियदर्शनी दुकानात आली. ती मूळची बार्शीटाकळीची. अकरावीसाठी अमरावतीला मावशीकडे राहत होती. मावशीचे नाव इंदूबाई. प्रियदर्शनी अंगाने चांगली थोराड होती आणि फार छान बोलायची. अकोल्याच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी कॉलेजने तिची निवड केली होती. गावाहून आईवडील ऐकायला येणार होते.

तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला. मालिकेत काम करणारी एक जाड नटी हळदीच्या रंगाचा लांब कुर्ता घालून चालत होती. तो कुर्ता मुंबईच्या एका डिझायनरने बेतला होता आणि ती डिझायनर स्वतःही तशीच जाड होती. प्रियदर्शनीला तिचे सगळे पाठ होते. खांद्यापासून खालपर्यंत उभ्या शिवणी घेतल्या की कपडा अंगावर नीट उतरतो, बाही जोडतात तो मुंढा खोल आणि सैल ठेवला की हात वर करता येतो, असे ती आशाबाईंना समजावून सांगत होती. तयार कपड्यांच्या दुकानात तिच्या मापाला झबल्यासारख्या काळ्या कपड्याशिवाय काही मिळत नसे. तिला हळदीचा रंग हवा होता. स्टेजवर.

आशाबाईंनी फोटो पाहिला आणि मला तिच्याभोवती फिरवले.

"छाती अठ्ठेचाळीस. घेर पन्नास. लिहिलं का वं चंदा? पन्नास. नटीसारखं पायजे म्हनते. कापड दोघीचं लागन."

बाक हसले. बाकावर तिच्याच वर्गातली पौर्णिमा बसली होती. प्रियदर्शनी हसली नाही. तिने मोबाइल बंद केला, सोबत आणलेले हळदीच्या रंगाचे कापड टेबलावर ठेवले आणि निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून कॉलेजात तिचे नाव 'पन्नास' पडले. हजेरीला तिचे नाव आले की मागून कोणीतरी हळूच पन्नास म्हणायचे. हे मला पुढे इंदूबाईंच्या तोंडून कळले.

ती पुन्हा दुकानात आली नाही. मावशीच्या हाती तिने एक जुना कुर्ता पाठवला आणि याच्याच मापाचा शिवा, असा निरोप दिला. आमच्याकडे ही पद्धत जुनी आहे. माप द्यायची लाज वाटली की बाई मापाचा कपडा पाठवते. तो कुर्ता दहावीतला होता. मला त्याच्यावर आडवे टाकले, तेव्हा घेर सत्तेचाळीस भरला.

चंदा म्हणाली, "वहिनी, पोरीचं माप तं वहीत हाय आपल्या."

"गिऱ्हाइकानं कपडा देला ना? मंग त्याच्यावरच कापाचं," आशाबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी सत्तेचाळीसवर कापले. खडूची रेघ माझ्याच कडेने ओढली गेली, मित्रांनो.

स्पर्धेनंतर तीन दिवसांनी इंदूबाई आल्या. पिशवीतून हळदीच्या रंगाचा कुर्ता काढून त्यांनी टेबलावर पसरला. तो मुंढ्यापासून कमरेपर्यंत उसवला होता. प्रियदर्शनीने घाईत, कसाबसा अंगात चढवला होता. भाषण सुरू झाले, तिने हात वर केला आणि शिवण गेली. समोर आईवडील बसले होते. तिने हात खाली घेतला, अंगाशी धरला आणि भाषण अर्ध्यावर सोडून खाली उतरली.

इंदूबाईंचा आवाज चढला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "आशाबाई, वहीत माप होतं ना?"

"होतं."

"मंग?"

आशाबाईंनी मला गळ्यातून काढले. पंधरा वर्षांत भरदिवसा, दुकान चालू असताना, त्यांनी मला पहिल्यांदा काढून ठेवले.

संध्याकाळी त्या मला पिशवीत घालून इंदूबाईंच्या घरी गेल्या. प्रियदर्शनी दार धरून उभी होती. "चूक माही हाय, बाई," आशाबाई म्हणाल्या. "पुन्हा माप घेऊ दे."

तिने दार सोडले आणि त्यांना आत घेतले. मग म्हणाली, "आकडा बोलू नका. मले दाखवा. मीच लिहीन."

त्या घरात मी तिच्याभोवती फिरले आणि कोणाच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. आकडे तेच होते. अठ्ठेचाळीस, पन्नास. तिने ते कागदावर लिहिले. या वेळी तिचा श्वास अडकला नव्हता.

नवा कुर्ता सुंदर झाला. उभ्या शिवणी, सैल मुंढा. तो घालून ती कॉलेजला गेली, बारावी झाली. पण स्टेजवर ती आजवर पुन्हा चढलेली नाही. ती उसवलेली शिवण आशाबाईंना जोडता आली नाही आणि मलाही नाही.

दुकानात आता पडदा आहे. बाई स्वतःचे माप स्वतः चिठ्ठीवर लिहिते. सुट्टीत प्रियदर्शनी तिथे येते आणि तिच्यासारख्या बायकांचे कपडे बेतायला आशाबाईंना मदत करते. बार्शीटाकळीहून बायका येतात. लाल मागतात, पिवळा मागतात. ती नवी टेप वापरते. कापडी मोजपट्टी म्हातारी झाली की ताणली जाते आणि चुकीचे सांगू लागते. मीही ताणले गेले आहे. म्हणून मी आता दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असते.

वरच्या ट्यूशनला येणारी मुले मला खेळायला घेतात. उंची मोजतात, उड्या मोजतात. मला ते आवडते. पण परवा एका मुलाने मला काढले आणि वर्गातल्या एका गोल मुलाच्या पोटाभोवती गुंडाळले. सगळे आकडा वाचायला वाकले. त्या गोल मुलाने हसत हसत श्वास रोखून धरला. तो श्वास मी ओळखते.

मित्रांनो, मला हात नाहीत. मी स्वतःहून सुटू शकत नाही. पुन्हा कधी तसे झाले आणि तुमच्यापैकी कोणी तिथे असाल, तर मला सोडवा आणि खिळ्यावर परत ठेवा. आकडा वाचू नका.