चार वेळा पुसलेला पत्रा

मी एक पत्रा बोलतोय. ॲल्युमिनियमचा, वीतभर लांब, चार बोटं रुंद. ज्या डब्याचं मी तोंड आहे, तो एका खोलीतला आवाज दुसऱ्या खोलीत पोचवतो. पण माझ्या स्वतःच्या तोंडावर चार शब्द उमटायला अडीच महिने लागले. तेव्हा बोलण्यात जरा कडवटपणा आला तर राग मानू नका.

माझा धनी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा मेकॅनिक. त्याच्या वडिलांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि ते मागच्या खोलीत पलंगाला खिळले. काही हवं असलं की स्टीलचा पेला पलंगाच्या दांडीवर वाजवायचे. इकडे स्वयंपाकघरात मिक्सर चालू असला की सुनेला, म्हणजे धन्याच्या बायकोला, त्यातलं काही ऐकू यायचं नाही. म्हणून हे दोन डबे. एक साधा, बटण दाबून बोलायचा, पलंगाशी. दुसरा, माझा, ओट्यावर.

सून मोठी श्रद्धाळू. तिने देवापुढे दिवा लावून नेम धरला, डबा बोलेपर्यंत चहात साखर नाही.

"आठवड्यात होईल गं," धनी म्हणाला.

"मग आठवडाभर बिनसाखरेचा," ती म्हणाली.

डब्याच्या पोटातलं काम खरंच सहा दिवसांत झालं. गाडं अडलं ते माझ्यापाशी. आवाज, बोला, ऐका, चालू. एवढे चार शब्द हवे होते. "अक्षरांशिवाय वस्तू गिऱ्हाइकाला देत नाही, घरच्यांना कशी देऊ?" हे त्याचं तत्त्व. तत्त्व लाख मोलाचं, पण हस्ताक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

आधी मार्करने लिहिलं. सून कौतुकाने बघायला आली, तिचा तेलाचा अंगठा लागला आणि 'आवाज'मधला ज तिच्याबरोबर गेला. मग घासून उमटवायच्या अक्षरांचा एक जुना कागद कपाटातून निघाला. कागद म्हातारा झालेला. अक्षरं अर्धी माझ्यावर आली, अर्धी कागदाला धरून बसली.

तिसऱ्या खेपेला त्याने शब्द छापून आणले, कागद माझ्यावर उपडा ठेवला आणि वरून कपड्यांची इस्त्री फिरवली. मला चटके बसले ते बसले, वर सगळे शब्द उलटे उमटले. छापताना उलटे छापायचे असतात, हे त्याला इस्त्री बंद केल्यावर आठवलं.

"आरसा ठेवू का ओट्यावर?" सुनेने विचारलं.

चौथ्यांदा पारदर्शक स्टिकर लावला, वरून लाखेचा फवारा. स्टिकरला फोड आले.

दर वेळी पॉलिश पेपरने मला खरवडून काढायचं. अंघोळ कोणालाही आवडते हो, पण कातडी सोलून नाही.

याहून जास्त चीड वेगळ्याच गोष्टीची यायची. त्याच घरात, दहा पावलांवर, चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस पडून होता. शेवटच्या पाटीच्या वेळी म्हाताऱ्यांचा हात थरथरला, दुकानदार हसला, आणि ब्रश पलंगाखालच्या डब्यात गेले. तेव्हापासून त्यांच्यासमोर रंगाचा, अक्षराचा विषय निघत नसे.

"बाबांना विचारलं तर त्यांना हाताची आठवण होईल. नकोच," धनी म्हणायचा. माया खरी, पण ती दाराला कडी घालून बसलेली. मला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण तोंड असून मी कोरा.

एका सकाळी मिक्सर चालू होता. पेला वाजून वाजून थकला असावा. म्हातारे एकटेच उठले आणि न्हाणीघराच्या दाराशी पडले. डावं कोपर टम्म सुजलं. हाड शाबूत राहिलं, देवाची कृपा.

डॉक्टर गेल्यावर धनी खालमानेने म्हणाला, "उद्या दुसरा स्टिकर आणतो."

सुनेने मला टेबलावरून उचललं आणि थेट सासऱ्यांच्या पांघरुणावर ठेवलं.

म्हाताऱ्यांनी मला उजेडाकडे धरलं. फोडांवरून बोट फिरवलं.

"कोणी केलं हे?"

"तुमच्या चिरंजीवांनी."

"तरीच. डबा ठेवणार कुठे?"

"ओट्यावर, बाबा."

"म्हणजे वाचणारी उभी. आणि शब्द काढलेत बटणांच्या खाली. वरून बघणाऱ्याला बटणंच दिसणार, शब्द त्यांच्या आड. पाटी वाचणारा कुठे उभा राहतो ते आधी बघायचं, रे."

अडीच महिने धनी खुर्चीत बसून, मला डोळ्यासमोर धरून लिहीत होता. एकदाही उभा राहिला नव्हता.

"मग तुम्हीच काढा ना, बाबा," सून म्हणाली.

"हात बघ माझा."

"बघितला. यांचा न थरथरता काय करतो, तेही बघितलं."

म्हातारे हसले. धन्याने फोड आलेला स्टिकर खरवडून काढला. दुखऱ्या कोपराखाली उशी आली, दोन जाड वह्यांवर लाकडी पट्टी टाकून तिच्यावर त्यांनी उजवं मनगट टेकवलं. सुनेने मला दोन्ही हातांनी धरलं. धनी काळ्या रंगाची डबी धरून उभा, लहानपणी धरायचा तसा. चार शब्दांना अख्खी दुपार लागली. 'बोला'मधला शेवटचा काना पाण्यात बुडवलेल्या काठीसारखा वाकडा आला. पण सगळे शब्द बटणांच्या वर, उभ्या माणसाला दिसतील असे.

रंग वाळल्यावर मला डब्यावर बसवलं आणि मिक्सर मुद्दाम चालू केला. डब्यातून पहिला आवाज आला, "सूनबाई, चहा टाक. तुझ्या कपात दोन चमचे साखर घाल, मग माझा आण."

आता मी ओट्यावरच असतो. वाफेने थोडा धुरकटलोय, 'चालू'चा एक टवका उडालाय. पण पेला आता फक्त पाणी पिण्यासाठी वापरतात. माझं एकच मागणं आहे, तो वाकडा काना कोणी सरळ करू नका. धनी अजून कधीकधी माझ्याकडे डोळे बारीक करून बघतो आणि पॉलिश पेपरचा ड्रॉवर उघडतो.

ओट्याशी उभी असलेली सून मागे वळतही नाही. नुसतं म्हणते, "साखर सोडेन हं पुन्हा."

ड्रॉवर बंद होतो.