मंगळवार, शुक्रवार

गाडी बंद पडली ती गोळपच्या चढावर, सोमवारी, आणि तीही ऐन शिमग्यात. एवढं सगळं एकत्र जुळून यायला नशीब लागतं आणि ते माझ्याकडे भरपूर आहे. क्लच प्लेट गेली होती. आत्माराम मेस्त्रीने गाडी गॅरेजला ओढून नेली, गिअरबॉक्स खाली उतरवला, पार्ट कोल्हापुरातून मागवतो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी शटर बंद करून पालखी नाचवायला गावाला गेला. शिमग्यात गावाला गेलेल्या माणसावर रागावायची आपल्याकडे सोय नाही. मी मनातल्या मनात रागावले.

आमचं गाव रत्नागिरीपासून सतरा किलोमीटर. मी गावच्याच हायस्कुलात क्लार्क आहे. आई गेली, भाऊ अनिल मुंबईला, माझं लग्न झालं नाही, त्यामुळे घरात मी आणि आबा. आबांचं डायलिसिस दर मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी बारा ते चार, रत्नागिरीत. दोन वर्षं झाली.

दिवाळीत एकदा मशीनवरून उतरताना आबा म्हणाले होते, "पुरे आता." मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि चपला शोधायला लागले. नंतर डॉक्टरांना एकटीने गाठून विचारलं, बंद केलं तर? ते म्हणाले, आठ-दहा दिवस, फार तर पंधरा. तेव्हापासून मी एकच ठरवलं होतं. जाण्यायेण्याचा आबांना एवढाही त्रास होऊ द्यायचा नाही, की तो शब्द पुन्हा त्यांच्या तोंडी येईल. गाडी थेट पायरीशी लावायची, सीट मागे पाडून ठेवायची, मानेखाली उशी द्यायची. आणि आता तीच गाडी सुटी होऊन मेस्त्रीकडे पडली होती.

पहिल्या मंगळवारी शेजारच्या गौरवची रिक्षा मिळाली. जाताना ठीक झालं. येताना त्याला गणपतीपुळ्याचं भाडं लागलं आणि आम्ही दीड तास हॉस्पिटलच्या बाकावर बसून राहिलो. शुक्रवारी तो नव्हताच. मी सहा जणांना फोन केले. सगळे गोड बोलले, गाडी कुणाचीच मोकळी नव्हती. शेवटी बेकरीवाल्याच्या पावाच्या टेम्पोत, ड्रायव्हरशेजारी आबांना चढवलं. टेम्पो सकाळी सातला निघतो, म्हणून बाराच्या मशीनसाठी आम्ही आठ वाजता हजर. परत आणायला शाळेतल्या ज्ञानेश्वरी म्हात्रेबाईंच्या यजमानांचे पाय धरले. मग शाळेत हेडमास्तरांनी विचारलं, "पुन्हा रजा?" मी अर्ज पुढे सरकवला. त्यांनी सही केली.

दुसऱ्या मंगळवारी कुणीच नव्हतं. मग एसटी. आबांच्या डाव्या हाताला सुयांची जागा आहे, तिथे धक्का लागून चालत नाही. म्हणून डाव्या रांगेतली खिडकी हवी, म्हणजे तो हात खिडकीकडे राहतो. ही जागा मिळवण्यासाठी मी एका कॉलेजच्या पोरीशी भांडले, आणि भांडण संपल्यावर कळलं की ती आधीच उठत होती. आबा वाटभर काही बोलले नाहीत. त्यांचं गप्प राहणंच मला भिववत होतं. आज बोलतील, आज म्हणतील पुरे, असं प्रत्येक खड्ड्याला वाटत होतं.

साडेचारला हॉस्पिटलातून सुटलो. आबांच्या पायात गोळे आले होते. रहाटाघरच्या एसटी स्टँडवर त्यांना बाकावर टेकवलं, पोटऱ्या चोळून दिल्या. बस लागलेली नव्हती. वैतागून मेस्त्रीला फोन लावला. मागे ढोल वाजत होते.

"आत्माराम, पार्ट आला की नाही?"

"पार्ट शनवारीच आलाय ताई. मी रविवारी येऊन बसवणार होतो. पण आबांचाच फोन आला, घाई नको, पालखी देवळात जाऊ दे, मग ये. तुम्हाला ठाऊक नाय?"

मी फोन बंद केला. आबांच्या शेजारी बसले.

"आबा, मेस्त्रीला तुम्ही फोन केलात?"

"केला."

"का?"

आबांनी हातावरची पट्टी उगाच नीट केली. "मला वाटला, गाडी नाय म्हणजे तू दमशील. मग तूच बोलशील, आबा, पुरे आता. दिवाळीत मी बोललो, तू चपला शोधीत बसलीस. माझ्याच्यान पुन्हा नाय बोलवत गो. तू बोलली असतीस तर मी हो म्हटला असता."

म्हणजे तेव्हा मला ऐकू आलं होतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

"आणि मी तसं म्हटलंच नाही तर?"

"तू कसली म्हणतेस. पावाच्या टेम्पोत घालून नेलंस मला."

मला हसू यायला हवं होतं. आलं रडू. भर स्टँडवर, समोर शेंगदाणेवाला बघतोय, तरी आवरेना.

"दमले मी आबा," मी म्हटलं. "खरंच दमले. सकाळी उठते तेव्हाच दमलेली असते. पण पुरे हे मी म्हणणार नाही. माझ्या गळ्यात ते घालू नका. तुम्हाला म्हणायचं असेल तर माझ्याकडे बघून म्हणा. या वेळी मी चपला शोधणार नाही. ऐकेन."

आबांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी पदराने तोंड पुसलं आणि वाट बघत राहिले. दोन वर्षांत इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात आमच्या गावाकडे जाणारी पावसची बस लागली. माणसं धावली. आबा बाकाचा हात धरून आपले आपण उठले आणि हळूहळू चालू लागले. डाव्या रांगेत जागा होती. मी त्यांना आत सरकायला सांगितलं, तर ते वाटेतच थांबले.

"तू बस खिडकीला."

"तुमचा हात..."

"हात तुझ्याकडेच येतोय. कोण धक्का मारतोय? बस."

मी बसले. ते माझ्या शेजारी टेकले. कंडक्टरने घंटी दिली.

"शुक्रवारी कितीची गाडी?" त्यांनी विचारलं.

"साडेआठची."

"त्याच्या मागची?"

"दहाची."

"दहाची धरू," आबा म्हणाले. "तुझी जरा झोप होईल."

मी खिडकीला डोकं टेकवलं. भाट्याचा पूल कधी गेला ते मला कळलंच नाही.