निळीच्या शेडमधला उकाडा

बाळकुमच्या वाटेवर कपड्यांना द्यायच्या निळीचा एक कारखाना होता. १९५१च्या वैशाखात मी तिथं कारकून होतो. नीळ म्हणजे पिठाहून हलकी भुकटी. खाडीवरच्या वाऱ्यानं ती उडू नये म्हणून पुड्या बांधायच्या पत्र्याच्या शेडचं दार, खिडक्या सगळं बंद ठेवत. बायका जीव कोंडला की दार उघडतात, म्हणून कडी बाहेरून. आत मोजून अकरा बायका, दहा ते तीन.

मंगळवारी तुळसा आत कोसळली. तिला सातवा महिना. खाडा केला तर नाव कटणार, म्हणून बुधवारी पुन्हा हजर.

बायकांतली थोरली हौसाबाई मला म्हणाली, "गुरुदत्तभाऊ, साहेबाला विंग्रजीत लिवा. सकाली सहा ते अकरा काम द्या, तवा वारा नसतो, दार उघडं ऱ्हाईल. पन असं लिवा, का त्याला चटका बसला पायजे."

मला कीर्तनाचं वेड. आमच्या देवळातले बुवा वणव्याचं वर्णन करू लागले की पौषातही माणसं उपरण्यानं वारा घेत. बुवांची ती सगळी वाणी मी इंग्रजीत ओतली. पत्र्यावर बारा सूर्य उतरले आहेत, माताभगिनी भट्टीतल्या विटांसारख्या भाजून निघत आहेत.

विल्किन्स साहेब वाचून हसला. तिरस्कारानं नव्हे, चांगल्या मनानं. "सुरेख लिहितोस," म्हणाला. "पण तुमच्याकडं सगळंच बारा सूर्यांचं. आज थोडं वॉर्म आहे, एवढंच." आणि कागद बाजूला ठेवला.

हौसाबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, "आख्खा वनवा पेटवलाव भाऊ, पन त्याच्या च्याची किटलीबी तापली नाय."

माझं टेबल शेडच्या भिंतीला लागून. गुरुवारी सकाळी कडी पडल्याचा आवाज आला, मग पत्र्याआडचं खोकणं. उठून जावं तर नोकरी, बसावं तर कान बंद होत नाहीत. तेवढ्यात साहेबानं महाबळेश्वरला राहायला गेलेल्या बायकोला धाडायचं पत्र टंकायला दिलं. त्यात होतं, 'इथं जरासं वॉर्म आहे. आपला टॉबी रविवारी उन्हानं मेला.' टॉबी त्याचा कुत्रा. रविवारी साहेब जेवला नव्हता, हे मला त्याच्या खानसाम्याकडून ठाऊक होतं.

मी टंकायचा थांबलो. ही माणसं ऊन असं सांगतात तर. उकाड्याला दोन शब्द, आणि त्याला लागून जे झालं ते.

बाराच्या सुमारास तुळसा पुन्हा पडली. तोंडावर पाणी मारून तिला बसती केली, कडी परत पडली. मी कोरा कागद घेतला. 'पॅकिंग शेडमध्ये जरासं वॉर्म आहे. सात महिन्यांची गरोदर तुळसा मंगळवारी पडली आणि आज पुन्हा पडली. सहा ते अकरा काम द्यावं.' एवढंच. देवापुढं आपण गळा मोकळा करून रडतो. इथं गळा आवळून सांगायचं. आपण या बायकांचं दुःख चोरतोय, असं वाटत राहिलं.

साहेब हसला नाही. उठला, शेडकडं गेला, आत शिरला आणि पहारेकरी धोंडीबाला म्हणाला, "कडी घाल." पाच मिनिटांनी आतून दार वाजलं. बाहेर आला तेव्हा भुवयांवर नीळ होती आणि सदरा पाठीला चिकटला होता. बराच वेळ भिंतीला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "हवा जरा कोंदट आहे." आणि अर्जावर सही केली : सोमवारपासून.

मी दारात जाऊन सांगितलं. तुळसा भिंतीला डोकं टेकून होती. तिनं डोळे न उघडता विचारलं, "आनी आज, भाऊ?"

आजचं मी लिहिलंच नव्हतं. शब्द कमी करता करता तेवढं राहूनच गेलं होतं. साहेब मोटारीत बसून ठाण्याला निघूनही गेला होता, आणि धोंडीबाचा हात कडीवर होता.

"बाहेर ये," मी म्हटलं. "माझ्या खुर्चीवर बस. आत अकरा माणसं मोजायची ना, धोंडीबा? मी जातो."

धोंडीबानं माझ्याकडं बघितलं, मग तुळसाकडं, आणि वाट सोडली. ती बाहेर आली. मी आत गेलो. कडी पडली.

पहिल्या श्वासालाच घसा भरला. हौसाबाईनं तिचं ओलं फडकं माझ्या नाकावर बांधलं, तराजू पुढं सरकवला आणि म्हणाली, "बोलू नका आता. नीळ पोटात जाते."