गजाचा आवाज

सिद्धूनं उसाच्या चिपाडांचा भारा गुऱ्हाळाच्या चुलवाणाच्या तोंडात कोंबला, लोखंडी गजानं आत ढकलला आणि मान वर न करता म्हणाला, "इचारून सांगतो."

"कुणाला?" संयोगितानं विचारलं.

"तात्यास्नी."

ती हसली नाही, एवढं बरं झालं. संयोगिता शेजारच्या गावची. तिनं स्वतःच्या हिमतीवर नवं गुऱ्हाळ घातलं होतं, उद्या पहिला जाळ लागायचा होता आणि गूळ जमवणारा गुळव्या हवा होता. शिराळा तालुक्यात नाव असलेले गुळवे सोडून ती जाळ घालणाऱ्या माणसाकडं आली होती.

"मी तुम्हाला न्यायला आलेय, सिद्धूदादा. तात्यांना नाही," ती म्हणाली. "हे रसाचं आधण उतरेपर्यंत बाहेर थांबते. हो की नाही, तेवढं तुमच्या तोंडानं सांगा."

ती गेली. पलीकडं चिपाडं पसरत असलेल्या राणीनं, सिद्धूच्या बायकोनं, सगळं ऐकलं होतं.

"इचारून सांगतो," तिनं त्याचाच सूर काढला. "लग्नाच्या टायमालाबी आसंच म्हनला हुता. माजा बा चार दिस वाट बगत बसला."

"गप."

"मी गपच हाय. तुमीच बोला कवातरी."

सिद्धू माण तालुक्यातला. अकरा वर्षांपूर्वी मेंढरं विकून तो या उसाच्या मुलखात आला. दुष्काळी माणूस, ह्याला उन्हाची सवय, असं म्हणत लोकांनी त्याला जाळापुढं बसवलं. हसत हसतच बसवलं. आपल्या अंगाला झळ लागू द्यायची नसली की माणसाला असली कारणं पटकन सुचतात. वर काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, रस उकळतो, खाली जाळ. वरच्याला गुळव्या म्हणतात आणि गूळ त्याच्या नावानं ओळखला जातो. खालच्याला नावानं हाक मारायची कुणाला गरज वाटत नाही. आणि आपल्याला कुणी नावानं हाक मारावी, असं सिद्धूलाही कधी वाटलं नव्हतं.

वर इथला गुळव्या, नाथाजीतात्या उभा होता. सत्तरी ओलांडलेला, वाफेत उभं राहून राहून उकडल्यासारखा झालेला. उकळत्या पाकात तो सरळ बोट बुडवायचा, पाण्यात धरून गोळी वळायचा आणि चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही. बघणारे म्हणायचे, बोटं नव्हंत, सांडशी हाय. काहील कधी उतरवायची, तो शब्द त्याचा. मालक जरी 'उतरवा' म्हणाला तरी गडी हलायचे नाहीत. गुळव्याच्या तोंडून यायला हवं.

सिद्धूला मनातल्या मनात एका गोष्टीचा गर्व होता. तात्याचा शब्द निघायच्या किंचित आधी त्याला कळायचं. वास फिरायचा, बुडबुड्यांचा आवाज जड व्हायचा, आणि तो गजानं जाळ मागं ओढायचा. गज दगडावर खरखरायचा आणि पाठोपाठ वरून यायचं, "उतरवा." म्हातारा काय म्हणणार ते आपल्याला आधीच कळतं, एवढ्यावर तो खूश असायचा.

आज त्यानं ठरवलं, हात हलवायचा नाही. मनात 'झालं' म्हणायचं आणि गप बसायचं. त्याच दमात तात्या बोलला, तर आपल्याला खरंच येतं. मग संयोगिताला हो म्हणायचं.

पाक चढत गेला. वास फिरला. आवाज जड झाला.

झालं, सिद्धू मनात म्हणाला.

वरून काहीच आलं नाही.

त्यानं गज घट्ट धरला. आणखी थोडा वेळ गेला. म्हणजे चुकलं. म्हणजे अकरा वर्षं नुसता भ्रम. त्याला वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. आता नाही म्हणायला कारण मिळालं होतं.

मग वासाला कडवट धार आली.

त्यानं वर पाहिलं. नाथाजी पाकाकडं बघतच नव्हता. मान तिरकी करून त्यानं कान खाली चुलवाणाकडं लावला होता.

"सिद्ध्या," तो हळूच म्हणाला, "हाईस न्हवं?"

सिद्धू उठला. 

"उतरवा," तो म्हणाला.

गडी जागच्या जागी थांबले. एकानं तात्याकडं पाहिलं.

"कान फुटलं व्हय रं तुमचं?" नाथाजी ओरडला. "उतरवा म्हनला त्यो."

काहील उतरली. पाक गार करायच्या वाफ्यात ओतला. गूळ एका छटेनं काळपट आला, पण करपला नाही.

नवा रस काहिलीत पडला तेव्हा नाथाजी भिंत चाचपत खाली आला. तो प्रत्येक पायरी आधी पायानं शोधत होता, हे सिद्धूनं आज पहिल्यांदा पाहिलं.

"गज का वाजवला न्हाईस?"

सिद्धूनं हातातल्या गजाकडं पाहिलं.

"दोन वर्सं झाली, डोळ्यांम्होरं नुसती वाफ," नाथाजी म्हणाला. "बोटं तर कवाच मेली."

"बोलला न्हाईसा तुमी."

"बोललो आसतो तर घरी बसवला आसता मला. तू का न्हाई बोललास? तुला कोन बसवनार हुतं घरी?"

सिद्धूला राग आला. दोन वर्षांचा गूळ खरं तर त्याचा स्वतःचा होता. पण तात्यानं शब्द चोरला म्हणावं, तर सिद्धूनं तो कधी आपला म्हटलाच नव्हता. राग इकडं तिकडं फिरला आणि त्याच्यापाशीच येऊन बसला.

"तात्या, मी उद्यापासनं संयोगिताताईंच्या गुऱ्हाळावर जातोय," तो म्हणाला. बोलून झाल्यावर त्याला कळलं, 'जाऊ का' म्हणायचं राहून गेलं.

नाथाजीनं कपाळ पुसलं. "जा. हंगाम सरला की मिरजंच्या दवाखान्यात जाऊन मीबी डोळं करून घेतो."

"आन तवर?"

 राणीनं हातातली चिपाडं खाली टाकली.

"तवर मी बसते जाळाला. अकरा वर्सं काय नाक बांधून चिपाडं वाळवली व्हय?"

"आगं, इचारून तरी..." सिद्धू म्हणाला.

"कुणाला?"

 सिद्धू अंगावरची राख झटकून बाहेर आला. संयोगिता गाडीला टेकून उभी होती.

"विचारलंत तात्यांना?"

"न्हाई," सिद्धू म्हणाला. "सांगितलं."

आतून गज दगडावर खरखरल्याचा आवाज आला. दोघांनी वळून पाहिलं. नाथाजी पुन्हा काहिलीपाशी उभा होता. रस अजून थंड होता. त्यानं मान तिरकी केली.

"आजून लय येळ हाय, पोरी."

"म्हाईत हाय," राणीचा आवाज आला. "ऐकू येतंय का, ते बगितलं."