अकरा सेकंदांत पाच सह्या

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी पाच सह्या झाल्या, त्याही अकरा सेकंदांत.

तपासनीस बाईंनी यादी पुन्हा पाहिली. ज्या प्लॅटफॉर्मची सुरक्षा त्या तपासत होत्या, तिथे बँक नव्हती, मॅनेजर नव्हता. लोकांचे पैसे कोड सांभाळत होता. कोड बदलायचा तर पाच देशांतल्या पाच जणांनी आपापल्या डिजिटल चावीने सही करायची. बाईंनी चाचणीपुरता एक बदल पाठवला होता. पाचांपैकी दोघांकडे तेव्हा मध्यरात्र होती. फारच कर्तव्यदक्ष माणसं.

थोड्याच वेळापूर्वी मामांचा फोन येऊन गेला होता. निवृत्तीची सगळी पुंजी त्यांनी तिथेच ठेवली होती. "साइटवर तुझ्या कंपनीचं नाव दिसलं, 'तपासणी सुरू'. म्हटलं, घरचंच माणूस आहे!"

बाईंनी संस्थापकाला गाठलं. "चाव्या कुणाकडे आहेत?"

"पाच जणांकडे, मॅडम."

"आणि आत्ता?"

"आत्ता माझ्याकडे. म्हटलं, कुणी हरवायला नको. सुरक्षेसाठीच हो!"

"पाचही?"

"एकाच लॅपटॉपमध्ये. पासवर्ड आहे ना त्याला."

अहवालात बाईंनी लिहिलं, 'धोका: गंभीर'. दुपारी साहेब टेबलाशी आले.

"गंभीर जरा अंगावर येतं. 'सुधारणेस वाव' लिही. गिऱ्हाईक आहे आपलं."

"सर, जळत्या घरातही सुधारणेला वाव असतो."

"बघ, म्हणजे शब्द चुकीचा नाहीच!"

बाईंनी शब्द बदलला नाही. गुप्ततेच्या करारावर त्यांची सही होती. तरी जिन्यात जाऊन त्यांनी फोन लावला.

"मामा, पैसे आजच काढून घ्या."

"का गं? काही गडबड?"

"ते सांगता येत नाही."

"म्हणजे आहे."

"मामा, प्रश्न नकोत. आत्ता काढा."

"काढतो बाई. पण मग तुमची तपासणी कशाला चालू आहे?"

बाईंनी फोन ठेवला.

मामांनी चार वाजून वीस मिनिटांनी अर्ज टाकला. चार बावीसला साइटवर सूचना झळकली: सुरक्षेच्या कारणास्तव पैसे काढणं तूर्त स्थगित.

सहा वाजेपर्यंत संस्थापकाचा फोन लागलेला नव्हता. अहवाल साहेबांच्या टेबलावर होता आणि मामांच्या अर्जापुढे 'प्रक्रियेत' एवढंच दिसत होतं.